लेकराचं अंग उलतं तेव्हा: आंघोळ आणि मॉइश्चरायझर, पायरीपायरीने

माझी लेक नऊ महिन्यांची असताना परभणीतला तिचा पहिला हिवाळा आला. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच तिचे गाल लाल, खरखरीत झाले. मग पोटऱ्यांवर पांढरे चट्टे आले. संक्रांतीपर्यंत कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत कातडी उलून बारीक रक्त दिसायला लागलं. रात्री ती झोपेतच पायावर पाय घासायची. सासूबाई म्हणायच्या, "लेकरू रातभर खाजवू लागलंय गं, तेल कमी पडू लागलं वाटतं." मग आम्ही तेल वाढवलं, पाणी जास्त कढत केलं, डाळीचं पीठ चोळलं. सगळं मायेनेच केलं, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींनी तिचा त्रास वाढला.

आता ती अडीच वर्षांची आहे. अंग कोरडं आहेच, तो तिचा स्वभाव आहे, पण ती रात्रभर शांत झोपते. मधल्या काळात बालरोगतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ आणि माझी रोजची वही यांतून जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहिते. हे साधारण एक ते चार वर्षांच्या लेकरांसाठी आहे. बाळ त्याहून लहान असेल किंवा अंगावर ओल्या जखमा असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि मग हे वाचा.

एक गोष्ट आधी समजून घेतली तर पुढचं सगळं सोपं जातं. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरावर दर साली पांढरी माती टाकावी लागते. ती विरळ झाली की घर गळतं. कोरड्या, नाजूक कातडीचं तसंच आहे. तिच्यावरचा तेलकट थर जन्मतःच विरळ असतो. आतलं पाणी उडून जातं, बाहेरचा साबण, धूळ, घाम आत शिरतो, आणि खाज सुटते. खाजवलं की थर आणखी निघतो. आपलं काम एवढंच, की रोज तो थर वरून भरून काढायचा आणि असलेला धुऊन टाकायचा नाही.

लागणारं सामान

- मोठ्या तोंडाची बादली किंवा टब, मग किंवा तांब्या
- बिनवासाचं, साबणविरहित क्लेन्झर (अंग धुवायचं सौम्य द्रव) किंवा सिंडेट बार (दिसायला साबणाची वडी, पण आत साबण नसलेली)
- मऊ सुती पंचा किंवा धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती साडीचे दोन तुकडे
- बिनवासाचं घट्ट क्रीम किंवा पेट्रोलियम जेली (आपण सगळ्यालाच व्हॅसलीन म्हणतो ती)
- बरणीतून क्रीम काढायला वेगळा, स्वच्छ, कोरडा चमचा
- नेलकटर
- एक वही

वही नुसती सांगायची म्हणून सांगत नाही. कोणत्या दिवशी काय लावलं, काय घातलं, रात्र कशी गेली, हे दोन ओळींत लिहून ठेवलं म्हणून आम्हाला कळलं की शेजारच्या काकूंनी दिलेल्या लोकरी स्वेटरच्या दुसऱ्याच दिवशी मान लाल होते.

## १. आधी खात्री करा की हे कोरडेपणच आहे

सगळी खाज कोरडेपणाची नसते. घरात आणखी कुणाला रात्री खाज सुटत असेल, लेकराच्या बोटांच्या बेचक्यात, तळव्यांवर, काखेत बारीक पुटकुळ्या असतील, तर ती खरूज असू शकते. खरजेला सगळ्या घराने एकाच वेळी औषध लावावं लागतं, मॉइश्चरायझरने ती जात नाही. कडेने लाल, उठावदार आणि मधे फिकट असं गोल कडं असेल तर गजकर्णाचा संशय घ्या. मे महिन्यात मानेवर, पाठीवर टोचरे लाल दाणे आले तर बहुतेक घामोळ्या.

कोरड्या एक्झिमाची, म्हणजे अंग उलून खाज सुटणाऱ्या याच त्वचेच्या आजाराची, खूण अशी, की तान्हेपणी गाल आणि हातापायांची बाहेरची बाजू, पुढे चालायला लागल्यावर कोपराची आणि गुडघ्याची लवण, मनगट, घोटा. घरात कुणाला दमा, सर्दीची अॅलर्जी किंवा लहानपणी असंच अंग उलायची सवय असेल तर शक्यता वाढते. आमच्याकडे लेकीच्या बाबांना लहानपणी हेच होतं, हे मला दोन वर्षांनी कळलं.

एकदा तरी डॉक्टरांकडून निदान करून घ्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यानंतरच्या आहेत.

## २. पाणी कसलं आहे ते बघा

मराठवाड्यात बऱ्याच घरांत आंघोळीला बोअरचं पाणी. काळ्या खडकातून येताना ते कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं, म्हणून बादलीला पांढरा थर चढतो आणि हीटरच्या रॉडवर खपल्या धरतात. घरी तपासायची सोपी पद्धत अशी: पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, साध्या साबणाचा थोडा कीस टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आला तर पाणी मऊ. फेस न येता पाणी दुधाळ झालं आणि वर साय धरल्यासारखं दिसलं तर जड. आकडाच हवा असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगली, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

जड पाण्याने होतं काय, तर साबण धुतला जात नाही. त्याची चिकट साय अंगावरच बसते आणि चरचरते. म्हणून जड पाणी असेल त्या घरात साबण जितका कमी तितकं बरं.

इथे एक सापळा आहे. पाणी मऊ करणारं यंत्र बसवा, लेकराची कातडी सुधारेल, असं सांगणारे भेटतात. इंग्लंडमध्ये एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांवर याची नीट चाचणी झाली, २०११ साली ती प्रसिद्ध झाली. यंत्र बसवलेल्या घरांतल्या मुलांचा एक्झिमा इतरांपेक्षा जास्त सुधारला नाही. ते पैसे चांगल्या क्रीमवर खर्च करा. आम्ही एवढंच करतो, की पाणी उकळून रात्रभर झाकून ठेवायचं, खाली पांढरा गाळ बसतो, वरचं निवळ पाणी सकाळी कोमट करून घ्यायचं. याने सगळी नाही पण थोडी कठीणता जाते. ते जमलं नाही तरी आंघोळ चुकवायची गरज नाही. तुरटी फिरवल्याने गढूळपणा जातो, जडपणा जात नाही.

टँकरचं पाणी साठवणाऱ्या घरांसाठी, आणि हे फार महत्त्वाचं: पिंप, हौद, बादल्या झाकून आणि शक्य तर कडी लावून ठेवा. बादलीत चार बोटं पाणी असलं तरी तोंडावर पडलेलं लहान लेकरू बुडू शकतं. आंघोळीच्या मधे फोन वाजला, दारात कुणी आलं, तरी लेकराला सोडून उठायचं नाही. हीटरचा रॉड बादलीत असताना लेकरू न्हाणीत आणायचंच नाही. आधी बटण बंद, मग प्लग काढायचा, मग रॉड बाहेर काढून उंचावर टांगायचा, आणि त्यानंतर लेकरू.

## ३. आंघोळीच्या आधी सगळं मांडून ठेवा

ही पायरी क्षुल्लक वाटते. पण आमच्या घरात खरा फरक इथूनच पडला. पूर्वी लेकीला न्हाऊ घालून, पंचात गुंडाळून खोलीत आणायचं, मग कपडे शोधायचे, मग क्रीमचं झाकण, तोवर ती पळालेली. दहा मिनिटं सहज जायची आणि तेवढ्या वेळात अंग वाळून खडखडीत व्हायचं.

आता पाणी काढायच्या आधीच पलंगावर पंचा पसरलेला असतो. शेजारी क्रीम, त्यात चमचा, लंगोट किंवा चड्डी, सुती बंडी, हे सगळं घालायच्या क्रमाने. हिवाळ्यात खोलीची खिडकी आधीच लावून घ्यायची. लेकराच्या हातात द्यायला एखादी वस्तू ठेवा. आमच्याकडे ती एक रिकामी डबी आहे, त्यात तिचं स्वतःचं थोडंसं क्रीम असतं आणि ती बाहुलीला लावते.

## ४. आंघोळ: दहा मिनिटांच्या आत

पाणी कोमट हवं, साधारण ३७ अंश. बादलीत आधी गार पाणी घाला, मग त्यात गरम मिसळा, उलटं करू नका. बोटांनी तपासू नका, आपल्या बोटांना गरमाची सवय असते. कोपर बुडवून बघा. कोपराला ना गार ना गरम असं वाटलं की झालं. हिवाळ्यात लेकरू कुडकुडतं म्हणून पाणी वाढवावंसं वाटतं. तिथे थांबा. कढत पाणी अंगावरचा तेलकटपणा ओढून घेतं आणि नंतर खाज उसळते. पाणी तापवण्यापेक्षा न्हाणी उबदार करा: दार लावून दोन मिनिटं गरम पाण्याची वाफ कोंडू द्या, मग लेकरू आत न्या.

वेळ पाच ते दहा मिनिटं. पाण्यात खेळायला लागलं की बाहेर काढायला जीव होत नाही, मला कळतं. पण बोटांच्या टोकाला सुरकुत्या पडायच्या आत आंघोळ उरकावी.

साबण सगळीकडे लावायचा नसतो. मान, काखा, जांघा, ढुंगण, पाय आणि दिवसभर मातीत माखलेले हात, एवढ्या जागी क्लेन्झर पुरतं. पोट, पाठ, मांड्या नुसत्या पाण्याने स्वच्छ होतात. वड्यांचा नेहमीचा साबण अल्कलीचा असतो, त्याचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप) ९ ते १० च्या घरात. निरोगी कातडी थोडी आम्लधर्मी, साडेपाचच्या आसपास किंवा त्याहून कमी. 'बेबी सोप' लिहिलं म्हणून तो सौम्य होत नाही. वेष्टनावर सिंडेट, साबणविरहित, पीएच ५.५ असं काही आहे का ते वाचा. गुलाबाचा, चंदनाचा वास येत असेल तर खाली ठेवा. फेस कमी आला तरी क्लेन्झर वाढवू नका, या वस्तूंचा फेस मुळातच कमी असतो.

केस धुवायचे असतील त्या दिवशी ते सगळ्यात शेवटी धुवा, म्हणजे शाम्पूच्या पाण्यात लेकरू बसून राहत नाही. शेवटी दोन मग स्वच्छ पाणी अंगावरून सोडा. स्पंज, घासणी, वजरी काही नको. आपला हात पुरे.

आंघोळीच्या पाण्यात घालायची महागडी तेलंही मिळतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत, ४८२ मुलांमध्ये, त्यांचा वेगळा फायदा दिसला नाही. वर न्हाणीची फरशी घसरडी होते ती निराळीच. जंतुनाशकाचं टोपण पाण्यात टाकायची सवयही सोडा, उललेल्या कातडीला ते झोंबतं. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी बऱ्याच घरांत वापरतात. आमच्या लेकीला त्याने आग झाली, म्हणून आम्ही थांबवलं.

रोज आंघोळ हवीच का? छोटी, कोमट आणि नंतर लगेच क्रीम, अशी रोजची आंघोळ चालते. एक दिवसाआड घातली तरी चालते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा माझी नणंद तिथेच राहत होती. दोन तांब्यांत तोंड, मान, काखा, जांघा धुऊन ती लेकराला ओल्या पंच्याने टिपायची. पाणीटंचाईत एवढं पुरेसं आहे. क्रीम मात्र आंघोळ नसली तरी लावायचंच.

## ५. टिपा, पुसू नका, आणि मग तीन मिनिटं

पंचा अंगावर टेकवून पाणी टिपून घ्यायचं, घासायचं नाही. पूर्ण कोरडं करायचं नाही. अंग किंचित ओलसर, हाताला थंडगार लागेल इतपत राहू द्या. काखा, जांघा, मानेची घडी मात्र नीट टिपा.

आता तीन मिनिटांच्या आत सगळ्या अंगाला क्रीम लागलं पाहिजे. पाण्याने कातडी नुकतीच भिजलेली असते. तिच्यावर झाकण घातलं तर ते पाणी आत राहतं, उघडी ठेवली तर जाताना आतलंही घेऊन जातं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी घड्याळ लावून बघितलं, आम्हाला अकरा मिनिटं लागत होती. तिसरी पायरी त्यामुळेच आली.

लावायची पद्धत: चमच्याने क्रीम काढून तळहातावर घ्या. बरणीत बोट घालू नका, जंतू जातात. ठिपके ठिपके लावून वरून खाली, केस ज्या दिशेला झुकतात त्या दिशेने हात फिरवा. गोल गोल चोळू नका, केसांची मुळं सुजून पुटकुळ्या येतात. कातडी चकचकीत दिसली पाहिजे. लगेच जिरून दिसेनासं झालं तर लावलेलं कमी आहे.

तळपायाला लावलंत तर लगेच मोजे घाला. शहाबादी फरशीवर क्रीम लागलेले पाय घसरतात.

आणि एक धोक्याची गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती. क्रीम, व्हॅसलीन, तेल कपड्यांत, पांघरुणात मुरलं की तो कपडा पटकन पेट घेतो आणि धुतल्यावरही ते पूर्ण जात नाही. चूल, शेगडी, देवापुढची समई, दिवाळीच्या पणत्या यांच्याजवळ असं लेकरू जाऊ देऊ नका. आपल्याकडे थंडीत शेकोटीजवळ लेकराला घेऊन बसतात, ते तर नकोच.

## ६. कोणतं मॉइश्चरायझर आणि किती

दुकानात गेलं की डोकं चक्रावतं. सोपा हिशोब असा: लोशन पातळ, त्यात पाणी जास्त. क्रीम मधलं. मलम आणि जेली सगळ्यात घट्ट. थंडीत घट्ट, उन्हाळ्यात पातळ. इंग्लंडमध्ये ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि मलम यांची तुलना झाली, २०२२ साली ती प्रसिद्ध झाली. चारांमध्ये कुणीच सरस ठरलं नाही. म्हणजे जे लेकरू लावू देतं आणि जे तुम्हाला दर महिन्याला परवडतं, ते चांगलं. सव्वाशे रुपयांचं असो की आठशेचं.

वेष्टनावर काय बघायचं? ग्लिसरीन, पेट्रोलॅटम, लिक्विड पॅराफिन, सिरामाइड यांतलं काही असावं. सुगंध नसावा. 'नैसर्गिक', 'हर्बल' या शब्दांवर जाऊ नका, वनस्पतींचे अर्क आणि सुवासिक तेलंही नाजूक कातडीला झोंबतात.

नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा लावा, तीन-चार दिवस बघा, मगच अंगभर.

किती लावायचं, इथे जवळजवळ सगळे चुकतात. मी शंभर ग्रॅमची ट्यूब दीड महिना पुरवत होते आणि 'क्रीमने फरक पडत नाही' म्हणून डॉक्टरांकडे गेले. त्या म्हणाल्या, "ताई, ही ट्यूब तुम्हाला आठवड्यात संपायला पाहिजे." हिवाळ्यात आमच्याकडे आठवड्याला शंभर ते दीडशे ग्रॅम लागतं. म्हणून मोठी बरणी घ्या, ट्यूबपेक्षा बरीच स्वस्त पडते. एवढं परवडत नसेल तर साधी पांढरी पेट्रोलियम जेली उत्तम, तिच्यात बिघडवणारं फारसं काही नसतं.

दिवसातून किमान दोनदा लावा: आंघोळीनंतर आणि झोपताना. उललेल्या जागी तीन-चारदा. जेवणाआधी तोंडाभोवती पातळ जेली लावली तर लाळ, वरण, आंबट फळं यांनी हनुवटी लाल होत नाही. कातडी छान झाली म्हणून बंद करू नका. ती छान आहे ती लावता म्हणूनच, हे आम्ही दोनदा बंद करून दोनदा शिकलो.

## ७. मालीश, पीठ, हळद: घरच्यांशी कसं बोलायचं

हा भाग मला सगळ्यात अवघड गेला. मालीश करणाऱ्या मावशींनी आमच्या घरातली तीन लेकरं न्हाऊ-माखू घातलेली. त्यांना 'पीठ लावू नका' म्हणायला जीभ रेटत नव्हती.

पिठाचं कारण मात्र पक्कं आहे. डाळीचं पीठ खरखरीत असतं, अंगावरची लव आणि तेल दोन्ही काढतं. शिवाय फुटलेल्या कातडीतून खाण्याचे पदार्थ आत गेले तर शरीराला त्यांची अॅलर्जी लागण्याची शक्यता असते. शेंगदाण्याच्या बाबतीत याची विशेष काळजी घेतात, म्हणून शेंगदाणा तेल अंगाला नको. बेसन, साय, कणकेचा गोळा, हे कातडी धडधाकट असलेल्या लेकरांना चालून गेलं असेल, उललेल्या अंगाला नको. हळद आणि उटण्यानेही काहींना पुरळ येतं. दिवाळीच्या अभ्यंगाला आम्ही उटण्याचं बोट लेकीच्या तळपायाला लावतो आणि धुऊन टाकतो. सासूबाईंचं मन राहतं, लेकीचं अंगही राहतं.

मालीश बंद करायची गरज नाही. तेल बदला आणि जोर कमी करा. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल कोरड्या कातडीला त्रास देऊ शकतं. खोबरेल किंवा सूर्यफुलाचं, बिनवासाचं, चालतं. आपल्याकडे घाण्याचं करडईचं तेल मिळतं, ते घटकांनी सूर्यफुलाच्या जवळचं आहे, पण तेही आधी कोपरावर तपासूनच. तेल मात्र क्रीमची जागा घेत नाही. तेल आंघोळीच्या आधी, क्रीम नंतर.

मी मावशींना एक दिवस रात्री नऊला बोलावलं आणि लेक कशी खाजवते ते दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पिठाची वाटी त्यांनी स्वतःच मागितली नाही. आठवड्याने म्हणाल्या, "माय, हिचं अंग आता हाताला टोचत नाही." त्यानंतर त्याच बाकी घरांत सांगायला लागल्या. समजावण्यापेक्षा दाखवणं बरं, निदान माझा अनुभव असा.

धुरी बंद करा. धुराने कातडी आणि छाती दोन्ही बिघडतात. पावडरही नको, तिने अंग कोरडं पडतं आणि तिची धूळ लेकराच्या श्वासात जाते.

## ८. मेडिकलमधून स्वतःहून ट्यूब आणू नका

मी आणली होती. दुकानदाराने "लेकराला खाज? ही लावा" म्हणून एक छोटी ट्यूब दिली. चार दिवसांत गाल गुळगुळीत झाले, मी सगळ्यांना नाव सांगितलं. थांबवल्यावर आठवड्यात आधीपेक्षा लाल. पुन्हा लावली. असं तीनदा झालं. त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूब उलटी करून मला वाचायला लावली: आत तीन औषधं होती, त्यात एक तीव्र स्टेरॉईड. लहान लेकराच्या गालावर ते सतत लावलं तर कातडी पातळ होते. अशी कितीतरी स्टेरॉईड क्रीम सरकारने २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली आहे, तरी मागितलं की हातात पडतात.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. डॉक्टरांनी तपासून सौम्य स्टेरॉईड मलम दिलं असेल तर घाबरून ते टाळू नका. सांगितलं तितके दिवस, सांगितलं त्याच जागी लावा. मापासाठी ट्यूबमधून मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ काढा. ती साधारण अर्धा ग्रॅम होते आणि मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. मॉइश्चरायझर आणि औषध एकावर एक लगेच थापू नका, मधे पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. आधी कोणतं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

खाण्याचंही असंच. दही बंद, वांगं बंद, अंडं बंद, असं करत लेकराचं ताट रिकामं करू नका. एखादा पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळात दरवेळी अंगावर उठत असेल तर वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.

## ९. कपडे, नखं, करदोटा

अंगाला लागून सुती, त्यावर स्वेटर. कपडे धुताना पावडर कमी आणि एक पाणी जास्त. नखं दर चार दिवसांनी, लेकरू झोपलेलं असताना. काळा दोरा आणि करदोटा ओला राहून खाली कातडी सोलते, म्हणून आंघोळीनंतर तो टिपा, सैल ठेवा, आणि खाली लाल असेल तर बरं होईपर्यंत काढून देवाजवळ ठेवा. सासूबाईंनी हे लगेच मान्य केलं.

## १०. उन्हाळ्यात पद्धत बदला

एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा हिवाळ्यातलं घट्ट मलम अंगभर थापलं तर घाम कोंडून घामोळ्या येतात. तेव्हा हलकं क्रीम किंवा लोशन, आणि जेली फक्त उललेल्या जागी. संध्याकाळी साध्या पाण्याची दुसरी छोटी आंघोळ घाला, क्लेन्झरशिवाय. घाम खाजेला चेतवतो, तो धुऊन गेला की लेकरू झोपतं. कूलरची हवा दमट असते, तिचा त्रास नाही, फक्त झोत थेट अंगावर नको आणि आतलं पाणी नियमित बदला.

## ११. दवाखान्यात कधी आणि काय घेऊन जायचं

पिवळट खपल्या, पू, चट्टा गरम लागणं, ताप, किंवा खाजेने सलग दोन-तीन रात्री झोप नाही, तर जा. अचानक एकाच ठिकाणी पाण्याने भरलेल्या, एकसारख्या दिसणाऱ्या फोडांचा पुंजका आला, दुखायला लागला आणि लेकरू मलूल झालं, तर त्याच दिवशी जा, रात्र काढू नका.

छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, लातूर, नांदेड आणि अंबाजोगाईची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, इथे त्वचारोगाची ओपीडी असते. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा. सोबत घ्या:

- लसीकरणाचं कार्ड आणि जुन्या चिठ्ठ्या
- आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, साबण, क्रीम, रिकाम्या असल्या तरी (नाव सांगण्यापेक्षा वस्तू दाखवा)
- चट्टे वाढलेले असतानाचे मोबाइलवरचे फोटो, कारण दवाखान्यात नेमकं अंग शांत असतं
- वही
- अंगातून सहज निघतील असे कपडे, लेकराला पूर्ण उघडं करून बघावं लागतं

## १२. गावाला, लग्नाला जाताना

चार दिवसांची घडी इथेच मोडते. वेगळी पिशवी तयारच ठेवा: क्लेन्झर, छोट्या डबीत क्रीम, स्वतःचा पंचा, स्वतःची चादर. मंगल कार्यालयातली पांघरुणं आणि साबण वापरू नका. पहाटेच्या घाईत आंघोळ राहिली तर राहू द्या, तोंड-हात धुऊन क्रीम लावा. जरीचा परकर घालायचाच असेल तर आत लांब सुती बंडी घाला आणि फोटो झाले की बदला. आणि हळदीच्या दिवशी करवल्यांना आधीच सांगून ठेवा, की लेकराच्या गालाला बोट लावू नका, परकराच्या काठाला लावा.